रुग्ण दुप्पट व्हायला ७० दिवस : आकडा खरा, पण अर्थ?

जुलै २०२० ची गोष्ट. आमच्या लालबागच्या चाळीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक हिरवंगार चित्र आलं : ‘मुंबईत रुग्ण दुप्पट होण्याचा कालावधी वाढला, कोरोना आटोक्यात!’ ते बघून आमचे काका पिशवी घेऊन दादर मार्केटला निघाले. काकांना मधुमेह. मी जिन्यात अडवलं, तर मलाच म्हणाले, “अरे, आकडे काय खोटं बोलतात?”

आकडा खोटा नव्हताच. खरी भानगड तिथेच आहे.

हा कालावधी काढतात कसा, ते बघू. आजचे नवीन रुग्ण भागिले कालपर्यंतचे एकूण रुग्ण, ही झाली रोजची टक्केवारी वाढ. ७० ला त्या टक्केवारीने भागलं की साधारण तेवढ्या दिवसांत एकूण संख्या दुप्पट होते. फोनमधला कॅल्क्युलेटर उघडा. एकूण ५० हजार रुग्ण, रोज नवीन १ हजार : वाढ २ टक्के, कालावधी ३५ दिवस. आता एकूण १ लाख झाले आणि रोज नवीन तेवढेच १ हजार : वाढ १ टक्का, कालावधी ७० दिवस! चित्र हिरवं झालं, पण हॉस्पिटलच्या दारात रोज येणारी माणसं तेवढीच. त्या जुलैमध्ये मुंबईचं साधारण असंच चाललं होतं : रोज हजाराच्या आसपास नवीन रुग्ण, आणि एकूण आकडा लाखाच्या पार.

कारण सोपं आहे. एकूण संख्या कधी कमी होत नाही. बरे झालेले, दगावलेले, सगळे तिच्यातच. भागाकारात खालचा आकडा फुगत गेला की उत्तर आपोआप ‘छान’ दिसतं.

याचं सगळ्यात भयंकर उदाहरण पुढच्या वर्षीचं. २२ मे २०२० ला मुंबईत १,७५१ नवीन रुग्ण होते, एकूण २७ हजारांच्या आसपास. आपल्या हिशेबाने कालावधी १० दिवस. ४ एप्रिल २०२१ ला नवीन रुग्ण ११,१६३, एकूण साडेचार लाखांच्या घरात. कालावधी २८ दिवस! (पालिका आठवड्याची सरासरी वाढ धरायची, त्यामुळे तिचा आकडा वेगळा यायचा.) म्हणजे कालावधी बघितला तर परिस्थिती जवळपास तिप्पट सुधारलेली, आणि रोजचे नवीन रुग्ण सहापट.

वॉर्डच्या आकड्यांचंही तसंच. जी उत्तर वॉर्डात धारावी, दादर आणि माहीम तिन्ही येतात. २०२० च्या ऑगस्टमध्ये धारावीत रोजचे रुग्ण एक आकड्यावर यायला लागले होते, तेव्हा दादर-माहीममध्ये त्याहून जास्त सापडत होते. एकच बेरीज बघणाऱ्याला यातलं काही कळणार नाही.

म्हणून असं चित्र आलं की मी आधी तीन गोष्टी शोधतो : आज नवीन किती, टेस्ट किती झाल्या, बेड किती रिकामे. यातलं एकही नसेल तर फॉरवर्ड करत नाही.

काकांना जिन्यातच कॅल्क्युलेटरवर हे करून दाखवलं. दोनदा स्वतः बटणं दाबून बघितली, मग पिशवी माझ्या हातात दिली. “बरं, मग कोथिंबीर तू आण. आणि दहाची जुडी असेल तर आठला माग.”