‘टेन्शन’चे मराठी व्याकरण

अजिंठ्याच्या डोंगररांगेमुळे बुलढाणा जिल्ह्याचे घाटावरचा आणि घाटाखालचा असे दोन भाग पडतात, आणि या भागांची बोलीही पुरती एक नाही. देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या घाटावरच्या पट्ट्यात शेजारच्या जालन्याच्या बोलण्याची छाया जाणवते, खामगाव-शेगावकडे ठसठशीत वऱ्हाडी ऐकू येते, तर मलकापूरच्या पुढे खानदेशी वळण लागते. मात्र पेरणी लांबली, पीककर्ज थकले, लेकीचे लग्न जुळेना किंवा बारावीचा निकाल तोंडावर आला, की जिल्ह्याच्या कोणत्याही टोकाला एकच इंग्रजी शब्द तोंडी येतो, तो म्हणजे ‘टेन्शन’.

वऱ्हाडात इंग्रजी शब्द येऊ लागले ते 1853 च्या तहानंतर, निजामाने हा प्रांत इंग्रजांच्या ताब्यात दिल्यावर. कापसाच्या व्यापारासाठी 1870 मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा आला, कचेऱ्या आल्या, आणि त्यांच्याबरोबर ‘स्टेशन’, ‘तिकीट’, ‘कोर्ट’ हे शब्द आले. ते सारे डोळ्यांना दिसणाऱ्या नव्या वस्तूंचे आणि संस्थांचे होते, त्यामुळे त्यांची गरज कोणालाही पटण्यासारखी होती. ‘टेन्शन’, ‘मूड’, ‘बोअर’ हे पुढच्या थरातले शब्द मनाच्या अवस्थांचे आहेत, आणि त्या अवस्थांसाठी मराठीत चिंता, काळजी, घोर, धास्ती, दडपण असे शब्द आधीपासून होतेच. म्हणजे ‘टेन्शन’ने कोणतीही रिकामी जागा भरलेली नाही, तरीही तो रुजला, आणि कसा रुजला हे त्याच्याभोवतीच्या वाक्यांवरून कळते.

परका शब्द मराठीत आला की त्याला आधी लिंग घ्यावे लागते. ‘ताण’ आणि ‘तणाव’ पुल्लिंगी, ‘चिंता’ आणि ‘काळजी’ स्त्रीलिंगी असताना ‘टेन्शन’ मात्र ‘स्टेशन’, ‘ऑपरेशन’, ‘इंजेक्शन’ यांच्या पंगतीला बसून नपुंसकलिंगी झाले. ‘तिकिटाला’, ‘कोर्टात’ या जुन्या शब्दांप्रमाणे त्याला सामान्यरूप, म्हणजे विभक्तिप्रत्ययाआधी होणारा शब्दातला बदल, अजून पुरते चिकटलेले नाही. लोक सहसा ‘टेन्शनमध्ये’ असेच म्हणतात, आणि शब्दाचे नवखेपण एवढ्यापुरतेच उरले आहे.

क्रियापदांच्या बाबतीत तो पूर्ण घरचा आहे. ‘मले टेन्शन आलं’ या वऱ्हाडी वाक्यात बोलणारा माणूस कर्ता नसून ज्याच्यावर अवस्था येते तो अनुभव घेणारा आहे, आणि ‘मला राग आला’, ‘मला आठवण आली’ या मराठीच्या जुन्या ठेवणीतच ते वाक्य बसते. ‘टेन्शन घेऊ नको’ म्हटले, की हीच अवस्था माणसाच्या स्वाधीन असलेली कृती ठरते, आणि घेणारा ती टाकूही शकतो असे त्यात गृहीत धरलेले असते. ‘धसका घेणे’, ‘मनाला लावून घेणे’ हे प्रयोग मराठीत होतेच, म्हणून येथे ‘घेणे’ खटकत नाही. मात्र ‘काळजी’ला हे क्रियापद जोडले की अर्थ उलटा फिरतो, कारण ‘काळजी करू नको’ हा दिलासा असतो आणि ‘काळजी घे’ ही सूचना. धीर देणाऱ्याला ‘टेन्शन’ सोयीचे वाटण्यामागे हेही एक कारण असावे. ‘काहून टेन्शन घेऊन रायला गा?’ या प्रश्नात तर इंग्रजीचा एकच शब्द आहे आणि बाकी सर्व रचना, चालू क्रिया ‘राहणे’ने दाखवण्याच्या वैदर्भी पद्धतीसह, स्थानिक आहे.

हेच वाक्य उलट दिशेने इंग्रजीत नेले, की अडचण उभी राहते. ‘डोन्ट टेक टेन्शन’ हे भारतात सर्रास चालत असले, तरी इंग्लंड-अमेरिकेतल्या माणसाला ते चमत्कारिक वाटते, कारण त्यांच्या इंग्रजीत हा शब्द मुख्यतः ताणलेल्या दोरीसाठी, स्नायूंसाठी, किंवा दोन माणसांतल्या वा देशांतल्या बिघडलेल्या संबंधांसाठी येतो. परीक्षेच्या चिंतेबद्दल ते ‘आय ॲम वरीड’ म्हणतात, कामाच्या भाराबद्दल ‘आय ॲम स्ट्रेस्ड’, आणि धीर देताना ‘डोन्ट वरी’. इंग्रजी शिकणाऱ्या विद्यार्थ्याने सुटा शब्द पाठ करण्याऐवजी त्याच्या सोबतीला येणारे क्रियापद लक्षात ठेवावे, हा सल्ला येथे नेमका लागू पडतो. (गंमत म्हणजे ‘टेन्शन’ लॅटिनमधून ज्या मूळ धातूपर्यंत पोहोचते, त्याच कुळातल्या संस्कृत ‘तन्’ पासून ‘ताण’ आणि ‘तंतू’ आले आहेत, पाहुणा दूरचा नातलगच आहे.)

बुलढाण्यात या शब्दाचा विचार भाषेपाशी थांबत नाही. शेतकरी आत्महत्यांमुळे 2006 मध्ये पंतप्रधानांचे विशेष मदत पॅकेज ज्या सहा जिल्ह्यांसाठी जाहीर झाले, त्यांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशिम आणि वर्धा यांच्याबरोबर बुलढाणाही होता. अशा ठिकाणी मनाचा आजार सांगायला माणूस कोणते शब्द वापरतो, याला महत्त्व येते. मार्क निक्टर या मानववंशशास्त्रज्ञाने 1981 मध्ये दक्षिण भारतातल्या अभ्यासावरून अशी मांडणी केली, की प्रत्येक समाजाकडे मनाची व्यथा इतरांना मान्य होईल अशा रीतीने सांगण्याच्या ठरलेल्या वाटा असतात; ‘टेन्शन’ ही आज तशीच एक वाट आहे. ‘मानसिक आजार’ म्हटले की वेडाचा शिक्का बसण्याची भीती असते, तर ‘लई टेन्शन आहे’ हे पारावर चारचौघांत बोलता येते.

या सोयीची किंमतही आहे. मोटारसायकलचा हप्ता चुकल्याचे आणि जगणे नकोसे झाल्याचे टेन्शन एकाच शब्दात मावते, आणि ऐकणारा दोन्हीला ‘टेन्शन नको घेऊ’ हेच एक उत्तर देऊन मोकळा होतो. ज्याच्यावर अवस्था आली आहे त्याला ती ‘घेऊ नको’ असे सांगणे म्हणजे दोष त्याच्याच पदरात टाकणे होय. त्यापेक्षा ‘कशाचं टेन्शन?’ आणि ‘कधीपासून?’ हे प्रश्न अधिक कामाचे ठरतात, कारण उदासपणा किंवा कशातच मन न लागणे दोन आठवडे जवळजवळ रोज टिकले, आणि त्याच्या जोडीला झोप व भूक गेली, थकवा आला किंवा आपण निरुपयोगी आहोत असे वाटू लागले, तर डॉक्टर नैराश्याच्या आजाराची शक्यता तपासतात. त्यासाठी 2022 मध्ये सुरू झालेली ‘टेलिमानस’ ही शासकीय दूरध्वनी सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र विनामूल्य मिळते, आणि तेथे मराठीतही बोलता येते.