शिकारीचे रिव्हॉल्व्हर

हरिण व तत्सम मध्यम आकारमानाच्या जनावरांच्या शिकारीसाठी वापरण्यात येणारे, शक्तिशाली काडतुसाचे व लांब नळीचे रिव्हॉल्व्हर. रिव्हॉल्व्हर हे मुळात जवळच्या शत्रूपासून बचाव करण्याचे शस्त्र असून त्याचा शिकारीतील उपयोग अपवादात्मक आहे. अशा शिकारीचा प्रघात मुख्यत्वे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत आढळतो. तेथे पांढऱ्या शेपटीचे हरिण (ओडोकॉयलियस व्हर्जिनिॲनस) हे सर्वांत जास्त प्रमाणात मारले जाणारे मोठे जनावर असून पश्चिमेकडील डोंगराळ भागात म्यूल हरिणाचीही शिकार होते. अशा शिकारीसाठी रिव्हॉल्व्हर निवडताना कॅलिबर कोणते घ्यावे, हा प्रश्न सामान्यतः प्रथम विचारला जातो. वस्तुतः गोळी किती अंतरावरून मारावयाची हे आधी ठरवावे लागते. कॅलिबर, नळी, नेमसाधन इ. बाबी त्यावरून ठरतात.

रायफल उपलब्ध असताना शिकारी रिव्हॉल्व्हरकडे का वळतात, याला दोन कारणे आहेत. पहिले कारण कायद्याचे. ओहायओ, इंडियाना, इलिनॉय यांसारख्या सपाट व दाट वस्तीच्या शेतीप्रधान राज्यांत नेहमीच्या रायफलींनी हरिण मारण्यास दीर्घकाळ बंदी होती. रायफलीची चुकलेली गोळी दूरवरच्या शेतघरापर्यंत जाऊ शकते, ही भीती त्यामागे होती. तेथे छऱ्याच्या बंदुकीतून एकसंध गोळी मारणे, तोंडाकडून ठासावयाची बंदूक वापरणे किंवा ठराविक प्रकारची हातशस्त्रे वापरणे एवढेच पर्याय शिकाऱ्यापुढे असत. अलीकडे हे निर्बंध काही अंशी सैल झाले आहेत. दुसरे कारण हौसेचे आहे. धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्याप्रमाणेच रिव्हॉल्व्हरधारी शिकारी जनावराच्या जवळ जाण्याचे कौशल्य पणाला लावतो. दाट झाडीत किंवा मचाणावर हे आटोपशीर शस्त्र सोयीचेही पडते.

इतिहास : सॅम्युएल कोल्ट याने १८३६ मध्ये फिरत्या सिलिंडरच्या पिस्तुलाचे अमेरिकन एकस्व मिळविले. १८४७ चे वॉकर कोल्ट व १८७३ चे ०·४५ कॅलिबरचे सिंगल ॲक्शन आर्मी ही त्यानंतरची गाजलेली रिव्हॉल्व्हरे होत. सरहद्दीवरील लोक प्रसंगी त्यांनी जनावरे मारीत. परंतु काळ्या दारूवर चालणारी ही शस्त्रे शिकारीसाठी म्हणून बनविलेली नव्हती. स्मिथ अँड वेसन या कंपनीने १९३५ मध्ये ०·३५७ मॅग्नम हे काडतूस व त्याचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले, तेव्हापासून खऱ्या अर्थाने शिकारी रिव्हॉल्व्हरचा काळ सुरू झाला, असे म्हणता येईल. कंपनीच्या मालक घराण्यातील डग्लस वेसन यांनी स्वतः त्याने मोठी जनावरे मारून त्याची प्रसिद्धी केली.

आयडाहोतील पशुपालक व शस्त्रविषयक लेखक एल्मर कीथ (१८९९–१९८४) यांचे समाधान मात्र या काडतुसाने झाले नाही. जुन्या ०·४४ स्पेशल काडतुसात अधिक दारू व स्वतः आखलेली सपाट नाकाची जड गोळी भरून ते अनेक वर्षे प्रयोग करीत राहिले. त्यांच्या पाठपुराव्यातून स्मिथ अँड वेसन व रेमिंग्टन या कंपन्यांनी ०·४४ मॅग्नम सिद्ध केले व ते १९५६ च्या सुमारास विक्रीस आले. त्याच वर्षी रूगर कंपनीनेही या काडतुसाचे ब्लॅकहॉक रिव्हॉल्व्हर काढले. १९७१ च्या ‘डर्टी हॅरी’ या चित्रपटाने या शस्त्राला अफाट लोकप्रियता मिळवून दिली. तथापि ही लोकप्रियता शिकारीच्या दृष्टीने फारशी हितकारक ठरली, असे म्हणता येत नाही. दुसऱ्या एका शिकाऱ्याने जखमी केलेल्या म्यूल हरिणाला आपण सुमारे ६०० यार्डांवरून (सु. ५५० मी.) ०·४४ मॅग्नमने पाडल्याची हकीकत कीथ यांनी लिहिली आहे. ती खरी मानली, तरी पळून जाणाऱ्या जखमी जनावराची यातना संपविण्याचा तो प्रयत्न होता. धडधाकट जनावरावर इतक्या दुरून गोळी झाडण्यास तिचा आधार घेणे चुकीचे ठरते. १९६४ मध्ये ०·४१ मॅग्नम, १९८३ मध्ये वायोमिंगमधील फ्रीडम आर्म्स कंपनीचे ०·४५४ कॅसल काडतुसाचे रिव्हॉल्व्हर, २००३ मध्ये ०·५०० स्मिथ अँड वेसन मॅग्नम व २००५ मध्ये ०·४६० स्मिथ अँड वेसन मॅग्नम अशी काडतुसांची शक्ती पुढे वाढतच गेली.

पल्ला व नेम : हरिणाच्या छातीतील हृदय व फुप्फुसे यांनी व्यापलेला भाग बाजूने पाहता सुमारे २० सेंमी. व्यासाचा धरतात. गोळी या वर्तुळात बसली, तर जनावर लवकर मरते; ती पोटात किंवा पायात बसली, तर ते कित्येक तास, कधी दिवसही तळमळत राहते व बहुधा शिकाऱ्याच्या हातीही लागत नाही. रिव्हॉल्व्हरच्या पल्ल्याचा विचार म्हणून या वर्तुळापासूनच करावा लागतो.

नळीच्या टोकावरील माशी व मागील खाच यांतील अंतर लांब नळीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये सुमारे २५ सेंमी. असते. खाचेतील माशी अर्ध्या मिलिमीटरने सरकली, तर गोळी ५० मी. अंतरावर १० सेंमी. व १०० मी. अंतरावर २० सेंमी. बाजूला जाते. म्हणजे वर्तुळाच्या मध्यावर धरलेला नेम ५० मीटरांवर वर्तुळाच्या कडेशी जातो व १०० मीटरांवर वर्तुळाच्या पूर्णपणे बाहेर पडतो. अर्धा मिलिमीटर ही साधारणपणे नखाची जाडी होय. रायफलीला खांद्याचा आधार असतो आणि तिच्या माशी व खाचेतील अंतर याच्या दुपटीहून अधिक असते. रिव्हॉल्व्हर मात्र लांब केलेल्या हातांच्या टोकाशी धरलेले असते. थंडीने आखडलेली बोटे, धाप आणि जनावर दिसताच वाढणारी छातीची धडधड यांचा परिणाम याशिवाय वेगळा.

गोळीच्या मार्गाची वक्रताही विचारात घ्यावी लागते. सुमारे १५·५ ग्रॅम (२४० ग्रेन) वजनाची ०·४४ मॅग्नमची गोळी नळीतून सेकंदाला साधारणतः ३९० मी. वेगाने बाहेर पडते. नेम ५० मीटरांवर जुळविला असेल, तर १०० मीटरांवर ती सुमारे २० सेंमी. खाली लागते आणि तोपर्यंत तिची जवळजवळ एक तृतीयांश ऊर्जा खर्च झालेली असते. त्यामुळे उघड्या माशीने नेम धरणाऱ्या बहुतेक शिकाऱ्यांना ५० मी. ही मर्यादा पाळणे इष्ट ठरते. दुर्बीण लावून व टेकू घेऊन सराईत नेमबाज १०० मीटरांपर्यंत जाऊ शकतो. परंतु असे नेमबाज थोडे असतात आणि आपण त्यांपैकी आहोत असे समजणारे पुष्कळ असतात.

काडतुसे : रिव्हॉल्व्हरची गोळी रायफलीच्या गोळीच्या मानाने फार दुर्बळ असते. ०·३०-०६ या नेहमीच्या शिकारी रायफलीच्या गोळीची नळीच्या तोंडाशी ऊर्जा सुमारे ३,८०० जूल असते. ०·३५७ मॅग्नमची ७०० ते ७५० जूल, ०·४४ मॅग्नमची १,१०० ते १,२०० जूल व ०·४५४ कॅसलची सुमारे २,४०० जूल भरते. वेगवान रायफलीच्या गोळीच्या आघाताने आजूबाजूची ऊतकेही फाटतात. रिव्हॉल्व्हरची गोळी मुख्यतः स्वतःच्या व्यासाइतके किंवा प्रसरण पावल्यावर त्याहून काहीसे मोठे भोक पाडते. जनावर रक्तस्रावाने मरते. धक्क्याने जागच्या जागी कोसळतेच, असे नाही.

०·३५७ मॅग्नम हे हरिणासाठी किमान पातळीचे काडतूस मानतात. ते ३० ते ४० मीटरांच्या आत, संयमी हातात पुरेसे ठरते. ०·४१ मॅग्नम गुणाने चांगले असूनही त्याची काडतुसे सर्वत्र मिळत नाहीत. ०·४५ कोल्ट या जुन्या काडतुसाची जड गोळी कमी वेगातही खोल शिरते. पण त्याच्या अतिशक्तिमान आवृत्त्या केवळ भक्कम आधुनिक शस्त्रांसाठी असतात व त्या जुन्या कोल्टमध्ये किंवा तिच्या प्रतिकृतीत झाडल्यास सिलिंडर फुटण्याचा धोका असतो. बहुसंख्य शिकाऱ्यांना ०·४४ मॅग्नम सर्वांत सोयीचे ठरते. त्याचे कारण केवळ शक्ती नव्हे. या शस्त्रात सुमारे ३ मिमी. आखूड असलेली, सौम्य अशी ०·४४ स्पेशल काडतुसेही झाडता येतात (याउलट मात्र करता येत नाही) व त्यामुळे सराव भरपूर होतो. ०·४५४ व त्यापुढील काडतुसे हरिणासाठी अनावश्यक आहेत. ती अस्वल किंवा त्याहून मोठ्या जनावरांसाठी योजावीत. त्यांच्या धक्क्याने नेमबाज चाप ओढण्यापूर्वीच नकळत दचकू लागतो व ही सवय एकदा जडली की सहजी सुटत नाही. ०·४४ ची चुकलेली गोळी ०·३५७ च्या नेमक्या बसलेल्या गोळीपेक्षा निश्चितच कमी परिणामकारक असते.

गोळीचा आकारही महत्त्वाचा आहे. गोल नाकाची गोळी ऊतकांना बाजूस सारून अरुंद छिद्र पाडते. ती शिकारीस अयोग्य होय. आवरण असलेली, मऊ किंवा पोकळ नाकाची प्रसरणशील गोळी अथवा कठीण मिश्रधातूची, सपाट नाकाची ओतीव गोळी घेतात. दुसऱ्या प्रकारची गोळी बहुधा आरपार जाते. दोन्ही बाजूंनी रक्त वाहिल्याने माग काढणे सोपे होते, हा तिचा मोठा गुण आहे. शिशाच्या विषबाधेने गिधाडवर्गीय पक्षी मरतात असे दिसून आल्यावर कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून सर्व शिकारीत शिसेयुक्त गोळ्यांना बंदी करण्यात आली. तेथे तांब्याच्या गोळ्या वापराव्या लागतात.

रचना : नळी १५ ते १९ सेंमी. असावी. याहून आखूड नळीत वेग घटतो, माशी व खाच जवळ येतात आणि आवाज व ज्वाला वाढतात. याहून लांब नळी म्यानातून काढणे अवघड जाते. कायदाही येथे आड येतो. इलिनॉयमध्ये किमान ४ इंच (सु. १० सेंमी.) व ओहायओमध्ये किमान ५ इंच (सु. १२·७ सेंमी.) नळी आवश्यक असते. ०·४४ मॅग्नमसाठी शस्त्राचे वजन १·३ ते १·५ किग्रॅ. असणे चांगले. प्रत्याघाताची ऊर्जा शस्त्राच्या वस्तुमानाच्या व्यस्त प्रमाणात असल्याने निम्म्या वजनाच्या शस्त्राचा धक्का जवळजवळ दुप्पट बसतो. कमरेला हलके वाटणारे रिव्हॉल्व्हर दुकानात पसंत पडते व सरावाच्या मैदानावर नकोसे होते.

एकेरी क्रियेच्या रिव्हॉल्व्हरमध्ये प्रत्येक गोळीसाठी घोडा अंगठ्याने मागे ओढावा लागतो. दुहेरी क्रियेत चाप ओढताच घोडा उठून पडतो. शिकारीत दोन्ही प्रकारांत घोडा आधी हाताने चढवूनच गोळी झाडतात, कारण त्या वेळी चाप हलका व अल्प अंतर सरकणारा असतो. म्हणून दुहेरी क्रियेचा येथे विशेष लाभ नाही. एकेरी क्रियेची शस्त्रे साधी, भक्कम व स्वस्त असतात आणि त्यांची वक्र मूठ धक्क्याने तळहातात फिरून त्याचा जोर काहीसा मुरविते. जुन्या धाटणीच्या एकेरी क्रियेच्या शस्त्रांत मात्र घोड्याखालील घर रिकामे ठेवावे लागते. शस्त्र खाली पडून घोड्यावर आघात झाल्यास गोळी सुटू शकते. रूगरने १९७३ पासून बसविलेल्या सरकत्या दांड्याच्या योजनेमुळे त्या कंपनीच्या नव्या शस्त्रांत हा धोका उरला नाही.

सिलिंडर व नळी यांत एक दशांश मिलिमीटरहून थोडी अधिक फट असते व तीतून तप्त वायू बाजूंना फेकले जातात. टेकू घेताना बोटे या फटीजवळ आल्यास ती गंभीर रीत्या भाजतात किंवा चिरतात. रायफल धरण्याची सवय असलेल्यांकडून ही चूक विशेषेकरून होते. आवाजाची पातळी १६० डेसिबेलच्या आसपास जात असल्याने कानांचे संरक्षण न करता झाडलेली एकच गोळीही श्रवणशक्तीला कायमची इजा करू शकते. उतारवयात दृष्टी मंदावून माशी अस्पष्ट दिसू लागली, की कमी वर्धनाची, हातभर अंतरावरून दिसणारी दुर्बीण किंवा लाल ठिपक्याचे नेमसाधन बसवितात.

निवडीची कसोटी : जेवणाच्या कागदी थाळीवर, शिकारीत घ्यावयाच्या पवित्र्यातून गोळ्या झाडून पाहणे ही सर्वांत साधी व विश्वसनीय कसोटी होय. ज्या अंतरावरून एकूण एक गोळी थाळीत पडते, तेच त्या शिकाऱ्याचे व त्या शस्त्राचे अंतर. जड काडतुसाने ते २५ मी. व हलक्याने ४० मी. येत असेल, तर हलके शस्त्र निवडावे. जनावर बाजूने किंवा किंचित तिरपे उभे असतानाच गोळी झाडतात. हृदय वा फुप्फुसांना गोळी लागलेले हरिणही पुष्कळदा ५० ते १०० मी. धावते. त्यामुळे जनावर जागीच पडलेले दिसले नाही, तर साधारण अर्धा तास थांबून मग माग काढण्यास निघतात. फेसाळ, गुलाबी रक्त फुप्फुसाची जखम दर्शविते. काळपट व हिरवट अंश मिसळलेले रक्त पोटाची जखम दर्शविते व अशा वेळी कित्येक तास थांबावे लागते, कारण घाई केल्यास जखमी जनावर उठून आणखी दूर जाते.

भारतातील स्थिती : भारतातील जुन्या शिकारीत रायफल हेच मुख्य शस्त्र होते. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ नुसार चितळ, सांबर, काळवीट इत्यादींना संरक्षण मिळाले आणि १९९१ च्या दुरुस्तीने परवाना घेऊन करावयाच्या शिकारीची तरतूदही रद्द झाली. त्यामुळे हौसेखातर हरिण मारणे हा येथे गुन्हा आहे. सरकारी शस्त्रनिर्माण कारखान्यांत बनणारी ०·३२ कॅलिबरची रिव्हॉल्व्हरे परवानाधारकांना स्वसंरक्षणासाठी मिळतात. त्यांचे काडतूस ०·३५७ मॅग्नमच्या मानाने बरेच दुर्बळ असून त्यांचा शिकारीशी संबंध नाही.