एम दाबलं की स येतो

जव्हार तालुक्यात जामसरच्या बाजूला मी गेले ते वारली चित्रांसाठी. इथल्या एका शाळेतल्या मुली संगणकावर, पेंटमध्ये त्रिकोणाला त्रिकोण जोडून माणसं काढतात, असं ऐकलं होतं. "काढतात की," सर म्हणाले, "पाहुणे आले की तेच काढायला सांगतात." मी फर्माईश गिळली आणि मागच्या स्टुलावर जाऊन बसले.

दाराबाहेर चपला. आत ओल्या दप्तरांचा आणि तापलेल्या प्लॅस्टिकचा वास. भिंतीवर आठ नियम, त्यातले सात 'नका'वर संपणारे. ओले हात लावू नका, वायर ओढू नका, थेट बटण बंद करू नका. ही राखणदाराची भाषा मला खटकली. पण बटणाचं कारण सरांनी छान सांगितलं: फळ्यावरचं वहीत उतरवून घेतल्याशिवाय फळा पुसता का?

"तासिका पस्तीस मिनिटांची," ते म्हणाले, "आणि मशीनला तिघं." म्हणजे प्रत्येकाला बारा मिनिटंसुद्धा नाहीत, त्यातली काही मशीन सुरू होण्यातच जातात.

माझ्यासमोरची सहावीतली मुलगी माउस धरण्याआधी तळवा स्कर्टला पुसत होती, दोन्ही बाजूंनी. माउस सरकत टेबलाच्या कडेला पोचला, बाण मात्र पडद्याच्या मध्येच. ती थिजली. शेजारणीने काही न बोलता माउस उचलला, परत मध्ये आणून ठेवला आणि हात मागे घेतला. भिंतीवरच्या आठांत हा नियम नव्हता.

मग नोटपॅड. गावाचं नाव, जामसर, लिहायचं, इनस्क्रिप्टमध्ये. भारतीय मानक ब्युरोने १९९१ साली प्रमाण ठरवलेला हा कळफलक मुळात शहाणा आहे: स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या, क वर शिफ्ट दाबलं की ख. पण इथल्या कळांवर छापलेली असतात फक्त इंग्रजी अक्षरं. एम दाबलं की स येतो. म हवा तर सी. पोरांनी आधी एबीसीडी घोकायची आणि मग बोटाखाली दिसणारं अक्षर खोटं मानायचं! मराठी अक्षरांच्या चिकटपट्ट्या मिळतात. त्या कुणाला का सुचू नयेत?

तिने पहिल्यांदा इंग्रजी स्पेलिंगच दाबलं असावं. पडद्यावर 'रोसे' आणि पुढे लोंबकळणारी काना-मात्रा आणि वेलांटी. शेजारीण हसली, ती नाही. तिने वहीचं मागचं पान उघडलं. तिथे पेन्सिलीने कळांचे चौकोन आखून प्रत्येकात मराठी अक्षर भरलेलं होतं. एकेक चौकोन शोधत पी, ई, सी. 'जाम' झालं.

तेवढ्यात वीज गेली. यूपीएस टिवटिवू लागला.

"कंट्रोल एस! आधी सेव्ह, मग शट डाउन!" सर ओरडले. पस्तीसमधली सव्वीस मिनिटं झाली होती. एकाही मुलाने थेट बटणाला हात लावला नाही, हे मला कबूल करायला हवं.

चपला घालताना मी तिला विचारलं, फाईलला नाव काय दिलंस?

"र," ती म्हणाली. "तोच राहिला होता ना. आणि स. पण स मला आता येतो."