मुलगी, वय ४

रविवारी दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलावर एक सरदार मेला. दीड वर्ष माझा मित्र त्याची भूमिका करत होता. वीस बाजूंचा फासा घरंगळला, थांबला, सगळे गप्प. त्याच्या कागदावर तळाशी पेन्सिलीने लिहिलेलं होतं : मुलगी, वय ४. धाकटा भाऊ, वय २२.

आम्ही खेळतो तो ‘पेंड्रॅगन’, ग्रेग स्टॅफर्ड यांनी १९८५ मध्ये आणलेला, आर्थर राजाच्या काळातला भूमिकाखेळ. मी कथा चालवतो, बाकीचे सरदार होतात. इथे साधारण एका बैठकीत एक वर्ष सरतं. हिवाळा आला की लग्न, बाळंतपण, शेताचं उत्पन्न, सगळ्यासाठी फासे टाकायचे. सरदार गेला की खेळाडू वारसाचा कागद हाती घेतो.

या खेळाच्या मोठ्या मोहिमेत, म्हणजे वर्षानुवर्षं चालणाऱ्या सलग कथेत, उथर राजा ४९५ मध्ये मेजवानीतल्या विषाने मरतो. सॅलिसबरीचा उमराव रॉडरिकही त्याच पंगतीत जातो. मागे विधवा एलन आणि तान्हा रॉबर्ट. आर्थर दगडातली तलवार उपसतो ते थेट ५१० मध्ये. मधली ही निर्नायकी मला सर्वांत प्रिय आहे, कारण वाद मिटवायला राजाच नसतो. सॅक्सन दाराशी आलेले, आणि घरात प्रश्न एकच : जमीन कोणाची?

आमचा सरदार याच काळात गेला. मुलगी अज्ञान, काका तलवारबहाद्दर. तासभर जोरात वाद झाला. शेवटी मित्राने काकाचा कागद घेतला, जुनं पान समोर ओढलं आणि पुतणीच्या वयाशेजारी लिहिलं, ‘मालकीण’.