लाळ्या-खुरकूत आटोक्यात आणण्यासाठी केवळ लस का पुरत नाही?

मुनिरका (नवी दिल्ली) : दक्षिण दिल्लीतील मुनिरका आज विद्यार्थ्यांचे आणि भाड्याच्या खोल्यांचे गाव म्हणून ओळखले जाते. जवाहरलाल नेहरू विद्यापीठ, रामकृष्ण पुरम आणि वसंत विहार हा सारा परिसर मुनिरका व आसपासच्या गावांच्या शेतजमिनींवर उभा राहिला. शेती गेली, तशी दावणीची गुरेही गेली. दुधाची गरज मात्र वाढतच राहिली. ती भागविणाऱ्या म्हशी आता महानगराने नेमून दिलेल्या डेअरी वसाहतींत बांधलेल्या असतात. वसंत कुंजलगतची मसूदपूर डेअरी ही त्यांपैकी एक असून ती मुनिरक्यापासून काही किलोमीटरवर आहे.

या वसाहतींतील जनावरे तेथे जन्मून तेथेच वाढतात असे नाही. हरियाणा आणि पश्चिम उत्तर प्रदेशातील बाजारांतून ताज्या व्यालेल्या म्हशी आणल्या जातात; म्हैस आटली की तिला काढून तिच्या जागी दुसरी आणली जाते. मुंबईतील आरे वसाहतीचे आणि उपनगरांतील तबेलेही पिढ्यान्‌पिढ्या याच पद्धतीवर चालत आले आहेत. शहराला रोज सकाळी दूध मिळते ते या अखंड ये-जा करणाऱ्या जनावरांमुळे. पशुवैद्यकांच्या दृष्टीने हीच ये-जा सर्वांत मोठ्या काळजीचा विषय आहे. लाळ्या-खुरकूत रोगाचा विषाणू याच वाटेने गोठ्यातून बाजारात आणि बाजारातून पुन्हा गोठ्यात पोहोचतो.

रोगाचे स्वरूप

उत्तर भारतात ‘खुरपका-मुंहपका’ आणि महाराष्ट्रात लाळ्या-खुरकूत या नावाने ओळखला जाणारा हा रोग गाय, म्हैस, शेळी, मेंढी, डुक्कर अशा दुभंगलेल्या खुरांच्या सर्व प्राण्यांना होतो. घोडा आणि गाढव यांना तो होत नाही. जनावराला एकाएकी मोठा ताप येतो आणि ते चारा सोडते. जीभ, हिरड्या, खुरांमधील बेचके आणि सड यांवर पाण्याने भरलेले फोड येतात. फोड फुटले की तेथे जखमा होतात, तोंडातून तारेसारखी लाळ गळते आणि जनावर लंगडू लागते.

प्रौढ जनावरे या रोगाने सहसा दगावत नाहीत. त्यामुळेच तो ‘येतो आणि जातो’ अशी समजूत ग्रामीण भागात रूढ झाली. प्रत्यक्षात नुकसान मृत्यूपेक्षा वेगळ्या मार्गांनी होते. दूध एकदम घटते आणि त्या वेतात पुष्कळदा पूर्ववत होत नाही. गाभण जनावरे गाभडण्याची भीती असते. बैल ऐन मशागतीत निकामी होतो. संकरित गाई बऱ्या झाल्यानंतरही कित्येक महिने उन्हात धापा टाकत राहतात. लहान वासरांत विषाणू हृदयाच्या स्नायूंवर हल्ला करतो आणि बाहेरून फारशी लक्षणे दिसण्यापूर्वीच वासरू मरते. या रोगामुळे देशाचे दरवर्षी २० हजार कोटी रुपयांहून अधिक नुकसान होत असल्याचा अंदाज मांडला जातो. एक-दोन गाईंवर चालणाऱ्या कुटुंबासाठी हा आकडा फार दूरचा आहे. दूध संघाकडून दर दहा दिवसांनी मिळणारे बिल बंद पडते, हे त्याचे खरे नुकसान.

दिसायला सारखे, पण वेगळे

फोड आणणारे विषाणुजन्य रोग आणखीही आहेत. व्हेसिक्युलर स्टोमाटायटिस हा प्रामुख्याने अमेरिका खंडांत आढळणारा रोग घोड्यांनाही होतो. डुकरांचा व्हेसिक्युलर रोग प्रथम १९६६ मध्ये इटलीत नोंदला गेला. डुकरांचाच व्हेसिक्युलर एक्झँथिमा हा रोग १९३२ मध्ये कॅलिफोर्नियात आढळला आणि १९५९ मध्ये त्याचे उच्चाटन झाल्याचे अमेरिकेने जाहीर केले. डोळ्यांनी पाहून हे रोग एकमेकांपासून ओळखता येत नाहीत. त्यामुळे प्रयोगशाळेतील निदानाला पर्याय नाही. भारतात मात्र गाई-म्हशींच्या तोंडात आणि खुरांत एकाच वेळी फोड दिसले, तर पहिला संशय लाळ्या-खुरकूतचाच घेतला जातो. २०२२ मध्ये अनेक राज्यांत पसरलेला लम्पी हा त्वचेवर गाठी आणणारा निराळा रोग आहे. लहान मुलांना होणाऱ्या हात-पाय-मुख आजाराचाही गुरांच्या रोगाशी संबंध नाही.

बुळकांडी गेली, हा रोग का जात नाही?

भारताने गुरांचा एक भयंकर रोग पूर्णपणे संपविला आहे. बुळकांडीच्या अभ्यासासाठीच ज्यांची उभारणी झाली, अशा आरंभीच्या संस्थांपैकी इम्पीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी १८८९ मध्ये पुण्यात सुरू झाली. पुढे ती मुक्तेश्वरला हलविण्यात आली आणि तीच आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था होय. बुळकांडीमुक्त देश म्हणून भारताला २००६ मध्ये मान्यता मिळाली. २०११ मध्ये हा रोग जगातून नाहीसा झाल्याची घोषणा झाली.

लाळ्या-खुरकूतचा विषाणू तुलनेने फार चिवट आहे. बुळकांडीची लस एकदा दिली की संरक्षण दीर्घकाळ टिकत असे आणि एकच लस सर्वत्र चालत असे. लाळ्या-खुरकूतच्या विषाणूचे जगभरात सात प्रकार नोंदले गेले असून एका प्रकाराविरुद्धची प्रतिकारशक्ती दुसऱ्यावर उपयोगी पडत नाही. भारतात सध्या ‘ओ’, ‘ए’ आणि ‘एशिया-१’ हे तीन प्रकार आढळतात. ‘सी’ प्रकार १९९५ नंतर देशात दिसलेला नाही. म्हणून येथील लस त्रिगुणी असते. तिचे संरक्षण साधारण सहा महिनेच टिकते. शिवाय बरी झालेली गाय वा म्हैस घशात विषाणू कित्येक महिने बाळगू शकते.

हा विषाणू देशांच्या सीमाही मानत नाही. १९९० मध्ये उत्तर भारतात प्रथम आढळलेल्या ‘ओ’ प्रकारातील ‘पॅन-एशिया’ या उपप्रकाराने २००१ मध्ये ब्रिटनमध्ये हाहाकार माजविला आणि साथ रोखण्यासाठी तेथे ६० लाखांहून अधिक जनावरे मारावी लागली. जानेवारी २०२५ मध्ये जर्मनीत बर्लिनजवळ म्हशींच्या एका कळपात हा रोग आढळला. त्या देशात १९८८ नंतर तो प्रथमच दिसला आणि पशुजन्य उत्पादनांची निर्यात तत्काळ अडचणीत आली.

लसीकरणाची वाटचाल

बाधित जनावरे सरसकट मारणे भारतात आर्थिक आणि सामाजिकदृष्ट्या शक्य नाही. २०१९ च्या पशुगणनेनुसार देशात १९ कोटींहून अधिक गोवंश आणि जवळपास ११ कोटी म्हशी आहेत. त्यामुळे येथे लसीकरणाचाच मार्ग स्वीकारण्यात आला. २००३-०४ मध्ये ५४ जिल्ह्यांत नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. त्यात दिल्लीचा आणि महाराष्ट्रातील काही जिल्ह्यांचा समावेश होता. पुढे टप्प्याटप्प्याने त्याची व्याप्ती वाढली. ११ सप्टेंबर २०१९ रोजी मथुरा येथे राष्ट्रीय पशुरोग नियंत्रण कार्यक्रमाचा प्रारंभ झाला. सुमारे १३ हजार कोटी रुपयांच्या, पूर्णपणे केंद्राच्या निधीतून चालणाऱ्या या कार्यक्रमाने २०२५ पर्यंत लाळ्या-खुरकूतवर नियंत्रण आणि २०३० पर्यंत उच्चाटन असे उद्दिष्ट ठेवले. रोगमुक्त क्षेत्रे निर्माण करण्यासाठी निवडलेल्या राज्यांत महाराष्ट्राचाही समावेश आहे.

कार्यक्रमानुसार चार महिन्यांवरील वासराला पहिली मात्रा, महिनाभराने वर्धक मात्रा आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी लस द्यावयाची असते. जनावराच्या कानात १२ अंकी क्रमांकाचा बिल्ला बसवून लसीकरणाची नोंद ‘भारत पशुधन’ प्रणालीत केली जाते. लस दिलेले जनावर आणि प्रत्यक्ष रोग होऊन गेलेले जनावर यांतील फरक रक्ततपासणीने ओळखता येतो. त्यामुळे विषाणू कोठे फिरत आहे, याचा माग काढणे शक्य झाले आहे.

साखळीतील कच्चे दुवे

कागदावरील ही रचना प्रत्यक्षात अडते ती वेळेवर. एका गावात लसीकरण जूनमध्ये आणि शेजारच्या गावात सप्टेंबरमध्ये झाले, तर दोन्हीकडील संरक्षण एकाच वेळी उच्च पातळीवर राहत नाही. परिसरातील सुमारे ८० टक्के जनावरे एकाच काळात संरक्षित असतील तरच विषाणूची वाट अडते, असे मानले जाते. लस कारखान्यापासून गोठ्यापर्यंत २ ते ८ अंश तापमानात राहावी लागते. ही शीतसाखळी तुटली की टोचणी केवळ नोंदीपुरती उरते. दूध घटेल किंवा गाय गाभडेल, या भीतीने काही पशुपालक लस नाकारतात. टोचणीनंतर एक-दोन दिवस दूध किंचित कमी होऊ शकते. रोग आल्यास होणारी घट मात्र कित्येक पटींनी मोठी असते.

दुसरा दुवा जनावरांच्या हालचालींचा आहे. लस टोचल्यावर प्रतिकारशक्ती येण्यास दोन ते तीन आठवडे लागतात. बाजारात नेण्याच्या आदल्या दिवशी दिलेल्या लशीचा त्या जनावराला उपयोग होत नाही. लाळ आणि दुधातून विषाणू लक्षणे दिसण्याआधीच बाहेर पडू लागतो, म्हणून निरोगी दिसणारी म्हैसही नव्या गोठ्यात रोग आणू शकते. महाराष्ट्रात सांगोला, चाकण, लोणी, घोडेगाव येथील बाजारांत दूरवरून जनावरे येतात. गाळप हंगामात बीड, अहिल्यानगर भागातील ऊसतोड कामगारांच्या बैलजोड्या पश्चिम महाराष्ट्रात आणि उत्तर कर्नाटकात जाऊन कारखान्यांच्या तळांवर महिनोन्‌महिने एकत्र राहतात. या बैलांचे लसीकरण गाव सोडण्यापूर्वी किमान तीन आठवडे होणे अत्यावश्यक ठरते. कानात बिल्ला नसलेल्या जनावरांच्या खरेदी-विक्रीवर राज्याने २०२४ मध्ये निर्बंध घातले. त्यांची अंमलबजावणी बाजाराच्या दारात किती काटेकोर होते, यावर त्यांचे यश अवलंबून आहे.

संसर्गजन्य पशुरोग प्रतिबंध व नियंत्रण कायदा २००९ नुसार रोगाची माहिती देणे पशुपालकावर बंधनकारक आहे. रोगग्रस्त भाग नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर करणे, तेथील बाजार बंद ठेवणे आणि जनावरांची ने-आण थांबविणे हे अधिकार कायद्याने दिले आहेत. मात्र माहिती दिली की बाजार बंद होणार आणि दूध कोणी घेणार नाही, या धास्तीने अनेकदा रोग लपविला जातो. साथ वाढण्यास हे दडवणे मोठा हातभार लावते.

गोठ्यात काय करावे?

नवे जनावर आणल्यास ते दोन ते तीन आठवडे वेगळे बांधावे. लक्षणे दिसताच पशुवैद्यकीय दवाखान्यास कळवावे. आजारी जनावराचा चारा, पाणी आणि राखणारा माणूस शक्यतो वेगळा ठेवावा. विषाणू आम्ल आणि तीव्र अल्कली यांपुढे टिकत नाही, म्हणून चार टक्के धुण्याच्या सोड्याच्या द्रावणाने गोठा, भांडी आणि पादत्राणे धुणे हा स्वस्त आणि परिणामकारक उपाय आहे. विषाणूवर थेट औषध नाही. तोंड व खुरांच्या जखमा पोटॅशियम परमँगनेटच्या सौम्य द्रावणाने धुणे, तोंडातील जखमांना बोरोग्लिसरीन लावणे, माश्या बसून आसड्या पडू न देणे आणि मऊ खाद्य देणे यांवर भर असतो. प्रतिजैविके दुय्यम संसर्गासाठी आणि डॉक्टरांच्या सल्ल्यानेच द्यावीत. वासराला आजारी गाईचे दूध पिऊ देऊ नये. माणसांसाठी दूध उकळूनच वापरावे.

मुनिरक्यासारख्या वस्तीत राहणाऱ्या ग्राहकाला दुधाच्या पिशवीमागचा हा प्रवास दिसत नाही. त्या प्रवासातील प्रत्येक टप्प्यावर, म्हणजे विक्रेत्याच्या गावी, बाजारात, वाहनात आणि शहरातील गोठ्यात, लसीची नोंद आणि बिल्ला तपासला गेला, तरच वर्षातून दोनदा दिल्या जाणाऱ्या कोट्यवधी मात्रांचे चीज होईल.