श्रेयनामावली

चित्रपट संपला की आपण काय करतो? चपला चाचपतो, मुलाचा हात धरतो आणि दाराकडे वळतो. मागे पडद्यावर शेकडो नावे वर सरकत असतात. त्यांच्याकडे पाहावयास सहसा कोणी थांबत नाही. हीच ती श्रेयनामावली.

जुन्या बोलपटांत ही नामावली प्रारंभीच येई आणि अखेरीस ‘समाप्त’ एवढाच शब्द उमटे. अमेरिकेत ती इतकी रुक्ष समजली जाई की, कित्येक चित्रगृहांत ती सरेपर्यंत रजतपटापुढील पडदाही उघडत नसत. १९५५ साली सॉल बास या आरेखनकाराने ‘द मॅन विथ द गोल्डन आर्म’साठी हलत्या रेषांची नामावली रचली, तेव्हा चित्रफितीच्या डब्यांवर यंत्रचालकासाठी सूचनाच लिहावी लागली: ‘नामावलीपूर्वी पडदा उघडावा.’ पुढे नावे हळूहळू शेवटाकडे गेली. हा बदलही सुखासुखी झाला नाही. १९८०च्या ‘द एम्पायर स्ट्राइक्स बॅक’मध्ये दिग्दर्शकाचे नाव आरंभी न घालता अखेरीस घातले, म्हणून दिग्दर्शकांच्या संघटनेने निर्माते जॉर्ज लुकास यांना दंड केला. लुकास यांनी तो भरला आणि संघटनेचा राजीनामा दिला.

नाव कोठे असावे, यावर एवढा वाद. मग नावच नसेल तर? १९४९ साली ‘महल’ चित्रपट आला. त्यातील एका गूढ गीताने श्रोत्यांना वेड लावले. पण ध्वनिमुद्रिकेवर गायिकेचे नाव होते ‘कामिनी’. कामिनी ही तर मधुबालेने रंगविलेली भूमिका! हा आवाज कोणाचा, अशी विचारणा करणाऱ्या पत्रांचा नभोवाणीकडे ओघ लागला. अखेर मुद्रिका काढणाऱ्या कंपनीकडून माहिती घेऊन नाव सांगण्यात आले: लता मंगेशकर. पडद्याने झाकलेले नाव श्रोत्यांच्या आग्रहामुळे प्रकट झाले. पुढे लताबाईंनी पार्श्वगायकांच्या श्रेयासाठी आग्रह धरला. फिल्मफेअरच्या पारितोषिकांत पार्श्वगायनाला स्थान नाही, म्हणून त्या समारंभात गाण्यास त्यांनी नकार दिला. १९५९ साली ते पारितोषिक सुरू झाले आणि ‘मधुमती’तील गीतासाठी प्रथम त्यांनाच मिळाले.

मी सरकारी नोकर. कचेरीत अंतिम सही साहेबांची असते. पण टिपणी लिहिणाऱ्या कारकुनाची आद्याक्षरेही समासात राहतात. कालांतराने कोणी संचिका उघडली, तर काम कोणी केले ते कळते. नामावलीचे कार्यही असेच आहे. प्रकाशयोजक, रंगभूषाकार, ध्वनिमुद्रकाचे साहाय्यक, यांपैकी अनेकांच्या श्रमाची जाहीर नोंद तेवढीच असते. पुढचे काम मागताना तीच त्यांची साक्ष.

आज घरच्या पडद्यावर एक कळ दाबली की ही नामावली ओलांडता येते. कळ जरूर दाबावी. परंतु एखादा प्रसंग मनाला भिडला असेल, तर तो कोणाच्या हातून घडला एवढे तरी पाहून मग दाबावी. ‘महल’च्या श्रोत्यांनी त्यासाठी पत्रे लिहिली होती, आपणांस केवळ दोन मिनिटे बसावयाचे आहे.