पाइप ऑर्गनच्या झिजलेल्या पट्ट्या

पाइप ऑर्गनच्या कथिल-शिशाच्या नळ्या शतकानुशतके टिकू शकतात. वादकाची बोटे रोज सोसणाऱ्या पट्ट्या मात्र त्याआधीच झिजतात, आणि त्या बदलताना कारागिराला लाकडाइतकाच वाद्याचा स्पर्शही सांभाळावा लागतो.

यांत्रिक ऑर्गनची प्रत्येक पट्टी ही एक तरफ असून धातूची खुंटी हा तिचा टेकू असतो. पट्टी पुढून सुमारे १० मिलिमीटर दाबली की तिला जोडलेल्या बारीक लाकडी काड्या हलतात आणि नळ्यांखालच्या हवापेटीतली, म्हणजे भात्याची हवा दाबाखाली साठवणाऱ्या बंदिस्त पेटीतली, झडप उघडते. ही हवाच झडपेला घट्ट मिटून ठेवत असल्याने बोटाला आरंभी ठाम विरोध जाणवतो आणि झडप किंचित उघडताच तो एकदम ओसरतो. हार्मोनियमची पट्टी मुख्यतः स्प्रिंगच्या जोरावर परत येते. ऑर्गनवर मात्र विरोध ओसरण्याचा हा क्षण ओळखूनच वादक स्वराचा आरंभ घडवतो.

झीज प्रथम खुंटीभोवतीच्या लोकरी कापडाच्या अस्तरात होते. छिद्र सैल पडते, पट्टी आडवी डुलते, शेजारच्या पट्टीला घासते आणि कधी अडकूनही राहते. एवढाच दोष असेल तर नवे अस्तर पुरते; परंतु लाकूड पिळले किंवा चिरले असेल, तर सबंध संच नव्याने घडवावा लागतो.

त्यासाठी उत्तम वाळलेल्या लाकडाचे तुकडे जोडून एक सलग फळी करतात, तिच्यावर सर्व पट्ट्या आखून खुंट्यांची छिद्रे आधी पाडतात आणि मगच पट्ट्या कापून वेगळ्या करतात, त्यामुळे त्यांच्यातील अंतर एकसारखे राहते. टेकू थोडा जरी सरकला, तरी दाबायला लागणारा जोर आणि झडपेची उघडझाप दोन्ही बदलतात. पट्ट्यांवर पूर्वी हस्तिदंताचा पातळ थर असे. आफ्रिकी हत्तींच्या हस्तिदंताच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर १९८९ मध्ये बंदी ठरल्यावर गुरांचे हाड, कठीण लाकूड आणि कृत्रिम पदार्थ यांचा वापर अधिक रूढ झाला.

पॅरिसच्या नोत्र-दाम कॅथेड्रलमध्ये ऑर्गन-निर्माते कावाये-कोल यांनी १८६८ मध्ये पूर्ण केलेल्या ऑर्गनची यांत्रिक जोडणी विसाव्या शतकात काढून विद्युत जोडणी बसवण्यात आली, त्यामुळे तिथे वादनमंच, म्हणजे वादकासमोरचा पट्ट्यांचा भाग, स्वतंत्रपणे बदलता आला. यांत्रिक वाद्यात पट्टी आणि झडप एकाच साखळीत असल्याने ही मोकळीक मिळत नाही. म्हणूनच काढलेल्या पट्ट्या मोजून, नोंदवून जपून ठेवाव्यात, कारण मूळ स्पर्शाचा सर्वांत विश्वसनीय पुरावा त्यांच्याच मापांत असतो.